बाबांनी घातलेलं जेवण

आमच्या घरात मांस हा शब्द कुणी उच्चारत नसे. इंदूरच्या सुदामा नगरातल्या या घरात आम्ही राहायला आलो तेव्हा मी शाळेत होते आणि आता माझी पन्नाशी उलटली आहे, पण एवढ्या वर्षांत अंडं घातलेला केकसुद्धा उंबरठ्याच्या आत आलेला नाही. अशा घराच्या मागच्या अंगणात, पत्र्याच्या शेडखाली, मी एक डीप फ्रीजर आणून ठेवला आणि दर आठवड्याला त्यात दहा-अकरा किलो कोंबडीचं आणि बकऱ्याचं मांस भरायला लागले. आई असती तर तिने मला फ्रीजरसकट घराबाहेर काढलं असतं. पण आई जाऊन आठ वर्षं झाली होती, आणि घरात मी आणि बाबा दोघंच होतो.

हा सगळा खटाटोप दोन ग्रेहाउंड कुत्र्यांसाठी होता. सिमरोलच्या बाजूला एका कॉलेजात मी शिकवते. त्या वाटेवर एका शेतकऱ्याने ही जात पाळली होती, शेतात घुसणाऱ्या नीलगायी हाकलायला आणि हिवाळ्यात कुठे शर्यत असली तर पळवायला. त्यातल्या एका भुऱ्या कुत्र्याचा मागचा पाय मोडून वेडावाकडा जुळला होता, आणि त्याची काळी बहीण त्याला सोडून पळायला तयार नव्हती. एक दिवस परतताना ती दोघं रस्त्याच्या कडेला पोत्यावर बसलेली दिसली. मी गाडी थांबवून चौकशी केली, तर शेतकरी म्हणाला, "ले जाओ मॅडमजी, अब ये अपने काम के नी रहे." मी मागचं दार उघडलं. बोलावून ठेवलेल्या टॅक्सीत बसावं तशी ती दोघं मुकाट्याने आत चढली.

बाबा फाटकाशीच उभे होते. चष्मा कपाळावर सरकवून त्यांनी नीट पाहिलं आणि विचारलं, "हे काय घेऊन राहिली तू? हरणं आहेत का?"

ज्याने ग्रेहाउंड पाहिलेला नाही त्याला ते हरणासारखेच वाटतात. लांब तोंड, बारीक कंबर, आणि फासळ्या एक-एक मोजता येतील अशा. अंगावर चरबी नाही, केस आखूड, त्यामुळे थंडी त्यांना फार बाधते. पळतात ते पाच-दहा मिनिटं, बाकी सगळा दिवस झोप. कॉलनीतल्या लोकांनी महिनाभरातच ठरवून टाकलं की मी त्या मुक्या जनावरांना उपाशी ठेवते. शेजारच्या काकू तर फाटकातून बिस्किटं फेकायच्या. मी त्यांच्याशी दोनदा भांडले. भांडण हा माझा हातखंडा आहे, ते लपवण्यात अर्थ नाही. कॉलेजातली मुलं मला मागून काय म्हणतात तेही मला ठाऊक आहे.

पहिले सहा महिने मी त्यांना दूध-पोळी घातली, मग पिशवीतलं कोरडं खाणं. भुऱ्याचं पोट सतत बिघडलेलं असे. तो खायचा, उलटायचा, आणि आपलंच काही चुकलं असावं असं तोंड करून कोपऱ्यात जायचा. मग मी कच्च्या आहाराबद्दल वाचलं. ऐंशी टक्के मांस, दहा टक्के हाड, दहा टक्के कलेजी आणि तत्सम अवयव, आणि सगळं कच्चं, चुलीला न दाखवता. तीन आठवड्यांत भुऱ्याचं पोट ताळ्यावर आलं. दोन महिन्यांत दोघांचं अंग चकाकायला लागलं आणि तोंडाची दुर्गंधी गेली. मला एखादी गोष्ट पटली की ती मी जगाला पटवल्याशिवाय राहत नाही. मी स्टाफरूममध्ये बोलले, जनावरांच्या डॉक्टरांशी वाद घातला, मोबाइलवरच्या दोन-तीन गटांत तर मी जाणकार म्हणून ओळखली जाऊ लागले. नवख्या लोकांना मी पहिला नियम सांगायची: हाड कच्चंच द्यायचं, शिजवलेलं हाड कधीही नाही. कच्चं हाड लवचीक असतं, दातांखाली चुरतं. शिजलं की ते ठिसूळ होतं, सुरीसारखे तुकडे पडतात आणि आतडं फाडतात.

हे मी अनोळखी माणसांना किती वेळा लिहिलं असेल त्याचा हिशेब नाही. बाबांना मात्र एकदाही सांगितलं नाही.

सांगणार कसं? आमचा करार झालेला होता. फ्रीजर आला त्या दिवशी बाबा संध्याकाळी पूजा आटोपून माझ्यासमोर खुर्ची ओढून बसले. ते रेल्वेच्या पार्सल ऑफिसात क्लार्क होते. माल कुठून येणार, कुठून जाणार, कुठे उतरणार, हे ठरवूनच ते उठायचे. मांस घरातून न्यायचं नाही, बाजूच्या बोळातून थेट शेडमध्ये. तिथली भांडी तिथेच राहतील. हात लावला की अंघोळ केल्याशिवाय मी स्वयंपाकघरात यायचं नाही. "आणि एक," ते म्हणाले, "घरात त्याचं नाव नको काढू. मला ऐकवत नाही गं. एवढं कर." मी कबूल केलं. एवढ्या सहज ते मान्य करतील असं मला वाटलंच नव्हतं, त्यामुळे मी खूश होते.

तेव्हापासून त्या गोष्टीला आमच्या घरात नाव नव्हतं. "त्यांचं झालं का?" एवढंच बाबा विचारायचे, आणि मी म्हणायची, "झालं." मी शेडमध्ये काट्यावर वजन करत असले की ते मागचं दार लोटून घ्यायचे. काय घालते, का घालते, कच्चं का, यातलं काहीही त्यांनी विचारलं नाही आणि मी सांगितलं नाही. मला ते सोयीचंच होतं. जगाशी वाद घालून मी दमलेली असायची, घरात कुणी प्रश्न विचारत नाही याचं बरं वाटायचं.

म्हणजे एकदा बोलणं झालं होतं. पहिल्या हिवाळ्यात मी कॉलेजातून आले तेव्हा बाबा ओट्यावर बसून भुऱ्याला तूप लावलेली पोळी भरवत होते. तुकडा, फुंकर, तुकडा, फुंकर. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. महिनाभराची मेहनत यांनी एका पोळीत घालवली, असं मला वाटलं. मी म्हणाले, "बाबा, कळत नसेल तर हात लावत जाऊ नका!" फाटकाबाहेर भाजीवाला उभा होता, त्याने मान खाली घातली. बाबांनी उरलेली पोळी ताटलीत ठेवली आणि ते आत गेले. रात्रीच्या जेवणाला माझी आवडती भरली वांगी केलेली होती. आई गेल्यावर सत्तरीला आलेला हा माणूस मोबाइलवर बघून स्वयंपाक शिकला होता, आणि राग आला की मुद्दाम चांगलं जेवायला घालायचा. मी वांगी खाल्ली. माफी मागितली नाही.

भुरा बाबांचा होता, हेही सांगायला हवं. आणला मी, घालायची मी, पण तो झोपायचा बाबांच्या खोलीत, त्यांच्या जुन्या शालीवर. बाबांनी आपल्या दोन स्वेटरांच्या बाह्या कापून दोघांना थंडीचे अंगरखे शिवले होते. भुऱ्याचा पाय दुखायला लागला की तो बाबांच्या खुर्चीला टेकून उभा राहायचा आणि बाबा पेपर वाचता वाचता तो पाय चोळायचे. त्यांचं ते नातं पाहून मला कधी कधी हेवाही वाटायचा.

यंदाच्या जानेवारीत पेपर तपासायला मला तीन दिवस भोपाळला जावं लागलं. सोमवारी सकाळी निघायचं, बुधवारी संध्याकाळी परत. धुणंभांडी करणारी बाई मांसाहार करणारी होती, तिला किळस नव्हती. मी तिला सगळं दाखवलं: सकाळ-संध्याकाळचे डबे चिठ्ठ्या लावून फ्रीजरमध्ये, आधी बाहेर काढून वितळू द्यायचे, मग ताटल्यांत घालायचे. त्या आठवड्याला मी कोंबडीच्या हाडासकट तंगड्या भरल्या होत्या. बाबांना सांगितलं, "त्यांचं बाई बघेल." ते म्हणाले, "ठीक आहे, तू टेन्शन नको घेऊ."

सोमवारी सकाळी मी कुत्र्यांना खायला घालूनच निघाले. संध्याकाळपासून बाई आलीच नाही. तिला ताप भरला होता. बाबांनी मला फोन केला नाही.

बुधवारी संध्याकाळी मी फाटक उघडलं तेव्हा काळी धावत आली. भुरा आला नाही. तो बाबांच्या खोलीत शालीवर होता, पाठीची कमान करून उभा. मी हात लावला तर पोट फळीसारखं घट्ट. "सकाळपासून असाच आहे," बाबा म्हणाले. "दुपारी उलटी केली." बाई येत होती ना, असं मी विचारलं, तर ते म्हणाले की तिला बरं नव्हतं, पण त्यांचं वेळेवर झालं. मला वाटलं, बाईने कुणाला तरी पाठवलं असेल. "त्यांचं झालं" यापलीकडे आमच्यात विचारायची पद्धतच नव्हती. मी विचारलं नाही.

रात्री जनावरांचा दवाखाना बंद होता, सकाळ होताच मी त्याला तिथे नेलं. डॉक्टर तरुण होते, शांत होते. त्यांनी एक्स-रे काढला, पडद्यावर बोट ठेवलं आणि विचारलं, "शिजवलेलं हाड दिलं होतं का?"

"अजिबात नाही," मी म्हणाले. "मी चार वर्षं रॉ देते. मला माहीत आहे काय द्यायचं ते."

"मॅडम, मी फक्त विचारून राहिलो. कारण हे तुकडे..."

"तुम्हा लोकांना रॉ आवडत नाही म्हणून प्रत्येक गोष्टीचं खापर त्यावर फोडायचं!"

त्यांनी पडद्यावरचा एक्स-रे पुन्हा पाहिला. मग म्हणाले की आतड्याला छेद गेला असावा, दुपारपर्यंत बघू, नाहीतर पोट उघडावं लागेल, आणि या जातीला भूल देणं जोखमीचं असतं. भुरा टेबलावर आडवा होता आणि माझ्याकडे बघत नव्हता. तो दाराकडे बघत होता. मला आता वाटतं की तो बाबांची वाट बघत होता.

मला कुणावर तरी ओरडायचं होतं. मी सरळ जुन्या इंदुरातल्या त्या गल्लीत गेले, जिथून मी मांस आणायची. दुकानदार म्हातारा होता, चार वर्षांत त्याने मला एकदाही वाईट माल दिला नव्हता. मी दुकानासमोर उभी राहून, गिऱ्हाइकांच्या देखत, त्याला वाटेल ते बोलले. शिळं दिलं, जुनी हाडं दिली, माझा कुत्रा मरायला टेकलाय. त्याने सुरी खाली ठेवली, हात पुसले.

"मॅडमजी, कच्ची हड्डी ऐसे नी चुभती," तो म्हणाला. "किसीने उबाल के दी होगी. घर में पूछ लो एक बार."

"हमारे घर में?" मी म्हणाले. "हमारे घर में तो अंडा तक नहीं आता!"

हे मी अभिमानाने म्हणाले. आजही ते वाक्य आठवलं की मला माझी लाज वाटते.

दुपारी ऑपरेशन झालं. दोन तास लागले. डॉक्टरांनी बाहेर येऊन एका छोट्या प्लास्टिकच्या डबीत तीन तुकडे आणून दाखवले. एक बोटाच्या पेराएवढा होता, एका बाजूला सुईसारखं टोक. त्यांनी डबी माझ्या हातात दिली. आता ते माझ्याशी वाद घालणार नव्हते.

तुकडे पिवळे होते. मी डबी खिडकीशी नेली. हाडावरचा तो पिवळा रंग मला ओळखीचा होता. आमच्या घरातल्या प्रत्येक लाकडी चमच्याला तो लागलेला आहे. हळद होती ती. कच्च्या मांसाला हळद लावतं कोण?

मी इंजिनीअरिंगच्या मुलांना पदार्थांची ताकद, म्हणजे स्ट्रेंग्थ ऑफ मटेरियल्स, हा विषय शिकवते. कोणती वस्तू वाकते आणि कोणती तडकते, उष्णतेने काय बदलतं, हे पंचवीस वर्षं फळ्यावर आकृत्या काढून सांगत आले आहे. परीक्षेत त्यावर हमखास प्रश्न असतो. आणि ज्या माणसाच्या हातात माझा कुत्रा सोडून मी गेले, त्याला ते एका वाक्यात सांगायचं मला सुचलं नव्हतं.

घरी येईपर्यंत मी वाक्यं जुळवत होते. आपण काय केलं ते कळतंय का तुम्हाला, असं काहीसं. बाजूच्या बोळातून मी शेडमध्ये गेले. पाच किलोचा छोटा सिलिंडर आणि त्यावरचा बर्नर, जो लाइट गेली की पाणी तापवायला वापरायचा, तो फ्रीजरच्या शेजारी आणून ठेवलेला होता. त्याच्यापाशी एक जुनं ॲल्युमिनियमचं पातेलं घासून पालथं घातलं होतं. मी ते उचललं. आत काठाला पिवळी कड होती. शेजारी लिंबाची साल, साबण, आणि बाबांचा अंघोळीचा पंचा दोरीवर.

माझ्या डोळ्यांसमोर ते सगळं आलं. अठ्ठ्याहत्तर वर्षांचा माणूस, ज्याने आयुष्यात मांस पाहून तोंड फिरवलं, जो नाव काढलं तरी कानावर हात ठेवायचा, त्याने तो डबा उघडला. हात घातला. मग शिजेपर्यंत त्या वासात उभा राहिला. मग थंड पाण्याने अंघोळ. दिवसातून दोनदा, भर थंडीत.

मी आत गेले. बाबा खुर्चीत बसले होते, पेपर उघडा होता, पण मांडीवर नुसता पडला होता. "कसा आहे?" त्यांनी विचारलं.

"ऑपरेशन झालं. शुद्धीवर आलाय."

"मला तुला एक सांगायचंय," ते म्हणाले. "तू चिडू नको." "बाई आली नव्हती. तो डबा मीच काढला. नुसता बर्फ होता गं. बाहेर इतकी थंडी, तो कुडकुडून राहिला होता, आणि त्याला तो बर्फ कसा घालू मी? मला नाही राहवलं. मग मी शिजवून घातलं. चांगलं मऊ केलं, थोडी हळद टाकली. इतकं आवडीने खाल्लं त्याने. काळीनेही खाल्लं, पण तो तर माझे हात चाटून राहिला होता." ते थांबले. "पण उशीर झाला बहुतेक. इतकी वर्षं ते कच्चं, थंडगार खाऊन त्याच्या पोटात धरलं असणार. नाही का? डॉक्टर काय म्हणाले?"

डबी माझ्या पर्समध्ये होती. आयुष्यभर मी कुणाचीही चूक पाहिली की ती त्याच्या तोंडावर सांगितली. विद्यार्थ्यांना, सहकाऱ्यांना, दुकानदारांना, बाबांना तर रोज. बाबा माझ्याकडे बघत होते, आणि त्यांना ऐकायचं होतं की त्यांनी केलं ते बरोबर केलं.

"पोटाला पीळ पडला होता," मी म्हणाले. "या जातीला होतं तसं."

"कच्च्यामुळे?"

मी उत्तर दिलं नाही. त्यांनी त्याचा अर्थ हो असाच घेतला आणि मान हलवली.

शनिवारी दुपारी भुरा गेला. बाबा दवाखान्यात आले होते, त्याच्या मोडक्या पायावर हात ठेवून बसले होते. मला वाटलं होतं मी ओरडेन, रडेन. पण डॉक्टर बाबांशी बोलायला पुढे आले तेव्हा मी मध्ये उभी राहिले. डॉक्टरांच्या दंडाला धरून मी त्यांना बाहेर नेलं आणि म्हणाले की माझ्या वडिलांना हाडाबद्दल काही सांगू नका, कधीही नाही. त्यांनी मला तीन दिवसांत पहिल्यांदा नीट पाहिलं. "ओके, मॅडम," ते म्हणाले.

पण काळी होती. ही गोष्ट मला घरी पोचल्यावर सुचली. बाबांना आता वाटत होतं की शिजवलेलं चांगलं. परवा मी कॉलेजात गेले की हे पुन्हा पातेलं चढवतील, आणि या वेळी तर मला विचारायचीही गरज नाही, कारण मीच त्यांना चुकीचं ठरवलेलं नव्हतं. सांगितलं तर बाबा उरलेलं आयुष्य त्या पातेल्यासमोर बसून काढतील. नाही सांगितलं तर काळी जाईल. त्या दिवशी मी अंगणात खूप वेळ फेऱ्या घातल्या.

शेवटी मी फ्रीजर रिकामा केला. तंगड्या, माना, पंजे, सगळं त्या म्हाताऱ्या दुकानदाराकडे परत नेलं. तो म्हणाला, "घर में पूछा?" मी म्हणाले, "पूछा." त्याने माल ठेवून घेतला, आणि मी माफी मागायला जितका वेळ लागतो तितका वेळ तिथे थांबले नाही. नुसतं बिनहाडाचं मांस घेऊन आले. घरी येऊन बाबांना म्हणाले, "आता काळीला शिजवूनच द्यायचं. हाड अजिबात नाही. डॉक्टरांनी सांगितलंय."

"तेच ना," बाबा म्हणाले. "मी करत जाईन. तुला सकाळी घाई असते."

तेव्हापासून तेच करतात. सकाळी अंघोळीच्या आधी शेडमध्ये जातात, पातेलं चढवतात, भात टाकतात, दुधी किसून टाकतात. काळीचं अंग पूर्वीसारखं चकाकत नाही, पण ती खाते. रविवारी मी नव्या आठवड्याची पाकिटं भरते आणि प्रत्येक तुकडा बोटांनी चाचपून बघते, दोन-दोनदा, कुठे हाडाची कपची राहिली का. रोज संध्याकाळी आल्यावर आधी पातेलं बघते. मोबाइलवरच्या गटांतून मी बाहेर पडले. कुणी कारण विचारलं नाही.

घरात आता त्या गोष्टीला नाव आहे. बाबा खुशाल विचारतात, "चिकन संपत आलं का गं?"

गेल्या आठवड्यात मी गाडी काढत होते. शेजारच्या काकू फाटकाशी उभ्या होत्या आणि बाबा त्यांच्याशी बोलत होते. मी इंजिन सुरू केलेलं नव्हतं, त्यामुळे मला सगळं ऐकू आलं.

"कच्चं खाऊन गेला हो तो," बाबा सांगत होते. "हिने वाचून वाचून केलं सगळं. मतलब, प्रेमानेच केलं. पण आपल्याकडे थंडी असते, पोटाला झेपत नाही."

"मी तर पहिल्यापासून म्हणत होते," काकू म्हणाल्या.

मी गाडीचं दार लावलं. त्या आवाजाने बाबा वळले आणि त्यांना कळलं की मी ऐकलंय. काकू लगबगीने निघून गेल्या. बाबा सावकाश चालत गाडीपाशी आले आणि त्यांनी काच खाली करायची खूण केली. मी केली.

"बेटा, मी तुला दोष नाही देऊन राहिलो," ते म्हणाले. "खरंच नाही. तुला काय माहीत होतं? उलट मीच तुला आधी टोकायला पाहिजे होतं. मनात यायचं माझ्या, किती वेळा यायचं. पण तू चिडतेस ना, म्हणून मी चूप राहिलो."

ते माझ्या तोंडाकडे बघत होते, घाबरल्यासारखे, मी आता काय बोलते म्हणून.

"हो बाबा," मी म्हणाले. "माझंच चुकलं."

त्यांनी खिडकीतून हात आत घालून माझ्या डोक्यावर ठेवला. हाताला शिजलेल्या कोंबडीचा वास येत होता.

"जाऊ दे," ते म्हणाले. "होतं असं माणसाच्या हातून."